कब्जा करणारे मासे

हसऱ्या माणसाला खोली देऊ नये, असं आमचे घरमालक म्हणायचे. मी त्या दिवशी हसले नाही, म्हणून मला खोली मिळाली. हसण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतंच. पूर्णा गावात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमधे नवी नोकरी, सोबत साखरेनं डोळे अधू होत चाललेली माय, आणि सकाळपासून ज्या दारात जावं तिथं "एकट्या बायांना न्हाई देत आमी" हे ऐकून तापलेलं डोकं. शेवटी स्टेशनामागच्या गल्लीत ह्यांच्या दारात येऊन उभी राहिले.

रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागं मागं जाणारे रूळ बघण्यात गेली. त्यामुळं की काय, समोरून येणाऱ्या कुठल्याच गोष्टीवर ह्या माणसाचा भरवसा नव्हता. गल्ली त्यांना गार्डसाहेब म्हणायची, मीही तेच म्हणते. नाव सांगितलेलं त्यांना आवडलं नसतं. कशाला पाहिजे, कोण विचारायलंय, म्हणून आधी माझीच उलटतपासणी झाली असती.

"किती दिवस ऱ्हायचं?" त्यांनी विचारलं.

"नोकरी आहे तोवर."

"तसं न्हाई. जायचं कधी ते सांगा."

"अहो काका, अजून रिक्षातलं सामान उतरलं नाही. जायचं काय विचारता?"

"येताना समदेच येतात, बाई. म्या जाणं बघत असतो. शेवटच्या डब्याचा लाल दिवा दिसल्याबिगर गाडी गेली म्हणायचं न्हाई."

हा लाल दिवा पुढं मला पाठ झाला. भाजीवाली गल्लीतून गेली तरी हे दारात येऊन ती वळणाआड होईपर्यंत बघत राहायचे. खोली सोडणाऱ्या भाडेकरूला पोचवायला थेट फलाटावर जायचे. त्या बिचाऱ्यांना वाटायचं, काय माया आहे माणसाला! माया कसली डोंबलाची. माणूस खरंच गेला याची खात्री करून मगच घरी येऊन चहा टाकायचे.

मी तरी कुठं साधी होते म्हणा. माझा धंदाच संशयाचा. नळीतलं रक्त काय सांगतं ते एकदा बघून आम्ही मानत नाही. त्यामुळं ह्यांनी आपल्याला हो का म्हटलं, हा किडा पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात वळवळत होता. घर स्वच्छ, बोअरला बारमाही पाणी, स्टेशन हाकेवर, आणि खोली रिकामी? काहीतरी गोम असणार. आणि गोम होतीच.

पुढच्या खोलीत ते स्वतः राहायचे. तिथं भिंतीला लागून काहीतरी लांबरुंद होतं, त्यावर सोलापुरी चादर टाकलेली, आणि आतून सारखी बुडबुड. माय म्हणाली, "काय गं, भट्टी-बिट्टी लावली का काय ह्यानं?" मलाही ते अगदीच अशक्य वाटेना. येताजाता मी त्या चादरीकडं बघायची आणि ते माझ्याकडं बघायचे. मग एक दिवस, मी चोरून बघण्याआधी आपणच दाखवलेलं बरं असं वाटलं असावं, त्यांनी चादरीचं एक टोक वर केलं.

मासे होते. काचेच्या मोठ्या पेटीत नदीतल्या काळ्या दगडांचा ढीग, आणि त्यातून आतबाहेर करणारे पिवळेधमक, निळेशार, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, तळहाताएवढे. बघत राहावं असं रूप. पण जरा टक लावून बघितलं तर कळलं की तिथं कुणीच खेळत नव्हतं. एकजण कपारीतून सुळकन बाहेर यायचा, जवळून जाणाऱ्याच्या अंगावर धावायचा, चावा घ्यायचा आणि परत कपारीत. मग दुसरा. सारखं तेच.

"हे सिक्लिड," गार्डसाहेब आवाज खाली आणून म्हणाले. जणू माशांनी ऐकलं तर पंचाईत. "आफ्रिकेतल्या तळ्यातले. दिसायला गोजिरे, पण एकेक हरामखोर हाय. भांडण खाण्यावरून न्हाई बरं. पोटभर टाकलं तरी भांडतात. जाग्यावरून. ह्यो दगड माझा, ती कपार माझी. समदे कब्जेदार."

"मग एकत्र कशाला ठेवता?"

"वेगळे काय, कुणी बी ठेवील."

हा त्यांचा अभिमान होता. भांडखोरांना एका पेटीत जिवंत ठेवायचं. त्याची त्यांची रीत होती. पहिली गोष्ट म्हणजे गर्दी. दोनच ठेवले तर एक मेला म्हणून समजायचं. पेटी गच्च भरली की एकाच्या मागं लागावं तर मधे भलताच येतो, मारणारा घोटाळ्यात पडतो आणि मार सगळ्यांत वाटला जातो. दुसरी गोष्ट पाणी. आमचं बोअरचं पाणी असं जड की हंड्याला पांढरा थर बसतो आणि माणसाला मुतखडा होतो. ते ह्या माशांना मानवायचं. "देवानं आपल्या पाण्याला कोणतरी तर दिलं," असं ते म्हणायचे. आणि तिसरी गोष्ट दगड. एखादा मासा फार माजला, किंवा नवा मासा सोडायचा असला, की हे दिवा बंद करायचे, कोपरापर्यंत हात घालून पेटीतले सगळे दगड उपसायचे आणि नव्यानं रचायचे. कुणाचीच कपार कपारीच्या जागी नाही. मग मासे दिवसभर बावरून फिरायचे, आणि त्या बावरण्यात भांडायचं विसरून जायचे.

"समदेच नवे झाले की कुणी जुना ऱ्हात न्हाई," ते म्हणायचे.

माशांना नावं मात्र ठेवायचे नाहीत. नाव दिलं की हक्क सांगायला लागतात म्हणे. आणि बघायचे तेही आरशातून. दाढीचा आरसा घेऊन पेटीकडं पाठ करून बसायचे. समोर जाऊन बसलं की हे लबाड दाण्याच्या आशेनं काचेपाशी गोळा होतात, शहाण्यासारखं वागतात, खरे कसे आहेत ते कळतच नाही, असं त्यांचं म्हणणं. पहिल्यांदा मी ते बघितलं तेव्हा मला वाटलं, आरशातून हे आमच्या दारावर नजर ठेवतात. अजूनही मला शंका आहे की दोन्ही कामं चालायची.

आता गोम सांगते. मासे आणि भाडेकरू ह्यांच्यात हा माणूस फरक करत नव्हता.

घर लांबट होतं. मधून बोळ, बोळीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर भाड्याच्या खोल्या. पाडव्याला एकदा आणि दसऱ्याला एकदा प्रत्येकानं आपली खोली सोडून पुढच्या खोलीत जायचं. भाडं तेच, खोल्या जवळपास सारख्या, पण हलायचं म्हणजे हलायचं. सण बाजूला ठेवून बोळीत गाद्या, डबे, शेगड्या यांची मिरवणूक निघायची आणि हे शिट्टी न फुंकता गार्डगिरी करत उभे असायचे.

कारण विचारलं की वडिलांची गोष्ट निघायची. वडिलांनी एका माणसाला चार दिवसांसाठी ओसरी दिली. त्यानं तिथं चूल मांडली, भिंतीला खुंटी ठोकली, तुळस लावली, आणि पुढं कोर्टात "कब्जा माझा" म्हणून उभा राहिला. ओसरी गेली ती गेलीच. ह्या गोष्टीवर माझा कधी विश्वास बसला नाही, कारण तो माणूस कधी शिंपी असायचा, कधी पैलवान, आणि एकदा तर चक्क मामा निघाला. पण खुंटी मात्र प्रत्येक वेळी असायची. आमच्यापैकी कुणी भिंतीत खिळा ठोकला की ठक् आवाजाबरोबर हे दारात.

"काय ठोकायलेत?"

"कॅलेंडर लावतेय काका."

"हातात धरून बघा. तारीख तीच दिसते."

समोरच्या खोलीत एसटीतले कंडक्टर आणि त्यांची बायको राहायची. त्या बाईचं आणि माझं गच्चीवरच्या दोरीवरून वाजलं. दोरी माझी, मी बांधलेली, आणि ही बया माझे कपडे एका टोकाला सरकवून आपल्या साड्या वाळत घालायची. एकदा आम्ही अशा भांडलो की खालून माणसं वर बघायला लागली. गार्डसाहेब वर आले. कोण बरोबर, कोण चूक, एका शब्दानं विचारलं नाही. खिशातून चाकू काढला, दोरी कापली, आणि तीच दोरी गच्चीच्या आडव्या अंगाला दुसऱ्याच दोन खांबांना बांधली.

"हं. आता दोघी बी नव्या. भांडा."

खोटं कशाला बोलू, त्यानंतर भांडण झालं नाही. पण मला त्याचाच राग आला. माणसाचं भांडण माणसासारखं मिटवावं, दगड हलवल्यासारखं काय मिटवायचं?

मायचं आणि त्यांचं मात्र जमलं. जमलं म्हणजे, दोघं एकमेकांना शब्दात पकडायला टपलेले असायचे. ते तिला आक्का म्हणायचे, ती त्यांना भाऊ. तेव्हा मायला अंधुक का होईना, पण दिसत होतं. परभणीच्या दुकानातून त्यांनी एक नवा मासा आणला. राखाडी, मळकट, पण सगळ्यांना पुरून उरणारा. दुकानदारानं खास आफ्रिकेचा म्हणून दिला होता. मायनं काचेला नाक लावून बघितलं आणि ती फस्सकन हसली.

"आवं भाऊ, ही तर चिलापी हाय!"

"काय?"

"चिलापी. माझं माहेर येलदरीच्या अंगाला. धरणात जाळं टाकलं की हीच निघती. कालवण करून खातेत हिचं. तुमी काचंत ठिवली व्हय?"

गार्डसाहेबांचा चेहरा पडला. मग त्यांना शंका आली की मायच माशाची किंमत घालवायला खोटं बोलतेय. मग शंका आली की दुकानदारानं फसवलं. शेवटी मी मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, की चिलापी मूळची आफ्रिकेतलीच, आणि ह्या भांडखोरांच्याच कुळातली. आपल्याकडं आणून सोडली आणि आता धरणंच्या धरणं तिनं भरून टाकलीत.

"म्हंजी तितून हितं आली, आन् येलदरीवर कब्जा केला?" गार्डसाहेबांनी विचारलं.

"असंच म्हणायचं," मी म्हटलं.

"आमच्या लहानपणी मरळ घावायची," माय म्हणाली. "आता बघाया न्हाई."

ते बराच वेळ त्या मळकट माशाकडं बघत राहिले, आरसा न घेता. त्या संध्याकाळी त्यांनी पेटीतले सगळे दगड दोनदा हलवले.

मग मायचे डोळे पार गेले. हळूहळू जात होतेच, डॉक्टरांनी सांगितलंच होतं, पण एका हिवाळ्यात उजेड आणि अंधार एवढंच उरलं. आम्ही तेव्हा बोळीच्या टोकाच्या खोलीत होतो. मायनं रडारड केली नाही. तिनं ती खोली हातांनी पाठ केली. खाट, माठ, शेगडी, भिंतीत आधीपासूनच असलेल्या जुन्या खुंटीवरची पिशवी, साखरेच्या गोळ्यांचा डबा. मी कामावर गेले की ती एकटी उठायची, तोंड धुवायची, आपला बिनसाखरेचा चहा आपण करायची, आणि तो पीत दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायांच्या आवाजावरून माणसं ओळखायची. तेवढं तिचं राज्य होतं.

झरी गावाहून माझा भाऊ सारखा फोन करायचा, तिला इकडं आणून सोड. माय ऐकायची नाही. "लेक वाईट न्हाई, सून बी वाईट न्हाई. पर तिथं मला कोण उठू देईल? 'बसा आत्या, पडताल आत्या.' ताट पुढ्यात, पाणी पुढ्यात, आन् मी भिंतीकडं तोंड करून बसायचं. चहा तरी माझ्या हातानं करून पिऊ दे गं मला, हाय तवर."

आणि पाडवा जवळ आला.

मी गार्डसाहेबांकडं गेले. म्हटलं, ह्या खेपेला आम्हाला हलवू नका. मायला दिसत नाही. ही खोली तिच्या हाताला बसलीय. नवीन खोलीत ती चाचपडेल, पडेल, शेगडीवर हात घालेल. मग मला तिला झरीला पाठवावं लागेल, कारण दिवसभर घरी बसले तर खायचं काय?

त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "दिसत न्हाई म्हंजी किती न्हाई?"

"उजेड कळतो. बाकी काही नाही."

"पाडवा आला तवाच कसं काय गेलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या पाडव्याचा मुहूर्त बघून कुणाचे डोळे जात नसतात, काका!"

"चिडू नका. म्या आपलं इचारलं." त्यांनी पेटीवरची चादर काढली. "मागं एकदा समदे दगड हलवले. ह्यो एक कोपऱ्यातला जड होता म्हणून म्हणलं, ऱ्हाऊ द्या. त्याच्याखाली जो ऱ्हात होता त्यानं दोघांची शेपटं खाल्ली. का? तर त्याचं तेवढं जाग्यावर ऱ्हायलं. मंग त्याला समदी पेटीच आपली वाटली. सूट दिली तर समद्याला, न्हाईतर कुणालाच न्हाई."

"माझी माय मासा आहे का?"

"न्हाई. म्हणून तर सांगायलोय. माशाला सांगून कळत न्हाई."

मी तशीच निघून आले. बोलले असते तर त्याच दिवशी सामान बाहेर गेलं असतं. भावाला फोन केला, पाडव्याला संध्याकाळी ये, बहुतेक मायला न्यावं लागेल. मायची पिशवी भरून खुंटीला लावली. तिनं नुसती पिशवी हातानं चाचपून बघितली.

त्याच आठवड्यात मायनं मला सांगितलं, "दुपारचं कुणीतरी येतंय गं खोलीत."

"कोण?"

"बोलत न्हाई. उभं ऱ्हातंय, इकडं तिकडं फिरतंय, जातंय. भाऊच हाय, घरमालक. पायताण बाहीर काढून येतोय, पर गुडघा वाजतोय त्याचा."

"आणि तू गप्प बसतेस? ओरडायचं ना!"

"कामून? त्याला वाटतंय मला कळत न्हाई. वाटू दे की. बघू तर काय करायलाय."

मला झोप लागेना. परीक्षा घेतोय हा माणूस. खरंच आंधळी आहे का बघतोय. पाटावरची वस्तू हलवून ठेवत असेल, ती अडखळते का बघत असेल. त्यातच समोरच्या कंडक्टरची जिंतूरला बदली झाली आणि ती खोली रिकामी झाली. पाडव्याला आम्हाला तिथंच जायचं होतं. पण गार्डसाहेबांनी त्या खोलीला आतून कडी लावून काहीतरी ठोकाठोकी चालवली होती. जो माणूस आम्हाला साधा खिळा ठोकू देत नाही, तो! एकदा मिस्त्रीही येऊन गेला. मी विचारलं, काय चाललंय? "काई न्हाई," म्हणून दार लावून घेतलं. मला वाटलं, मधे भिंत घालून खोली अर्धी करतोय. म्हणजे आम्ही आपणहून जाऊ.

शेवटी मी लॅबमधून डोकं दुखतंय सांगून भर दुपारी घरी आले. चप्पल गल्लीतच काढली. आत बघते तर माय खाटेवर बसलेली, चेहरा अगदी साळसूद, आणि गार्डसाहेब जमिनीवर पालथे. कोपरापासून बोटापर्यंतचा हात फरशीवर टेकवून खाटेपासून माठाकडं सरकत चाललेले. एक हात, दोन हात, मग वीत. ओठ हलत होते.

"काय चाललंय इथं?"

ते धडपडून उठले. गुडघा वाजला. "पाल होती," ते म्हणाले आणि निघून गेले.

माय पोट धरून हसायला लागली. मला हसू आलं नाही. खोली मोजतोय म्हणजे माझा संशय खराच होता, असं मी धरून चालले. भावाला पुन्हा फोन करून सांगितलं, जीप घेऊनच ये.

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभ्या राहिल्या आणि बोळीत सामानाची मिरवणूक सुरू झाली. गार्डसाहेबांनी समोरच्या खोलीचं कुलूप काढलं आणि दार ढकललं. "बघा," एवढंच म्हणाले.

मी बघितलं आणि क्षणभर मला काही कळेना. आत आमचीच खोली होती. तसलीच खाट, आमच्या खाटेएवढी उंच व्हावी म्हणून पायांखाली विटा घातलेली. तसलाच माठ, तसल्याच तिवईवर. शेगडीचा कट्टा त्याच उंचीवर नवा बांधलेला. आणि भिंतीत नवी ठोकलेली खुंटी. खुंटी! ह्या घरात, ह्या माणसाच्या हातानं!

पण लगेच माझ्या लक्षात आलं की सगळं उलटं आहे. आमच्या खोलीत दारातून शिरलं की डाव्या हाताला खाट, उजव्या हाताला माठ आणि शेगडी. इथं खाट उजव्या हाताला, शेगडी डाव्या. खोल्या समोरासमोर, एकीचं दार उत्तरेला, दुसरीचं दक्षिणेला. नुसतं मोजून काय होतं? माय शिरल्याबरोबर खाट म्हणून वळणार ती थेट शेगडीवर.

"मुद्दाम केलंत ना हे?" मी सगळ्या बोळीला ऐकू जाईल अशी ओरडले. "सगळं उलटं मांडलंय! ती भाजून घेईल, पडेल, मग आम्ही आपोआप जाऊ, होय ना? एवढं कपट माशांजवळ तरी असतं का हो?"

गार्डसाहेबांनी आत बोट दाखवलं. "उलटं कसं? उगवतीला खाट, मावळतीला माठ. तिथं बी तसंच हाय की."

"उगवत-मावळत काय करायचीय तिला? तिला डावं-उजवं लागतं!"

"थांब गं बाई, किती वरडायलीस," मागून माय म्हणाली. ती बोळ ओलांडून, चौकटीला हात लावून उंबऱ्यात उभी होती. उगवतीच्या खिडकीतून ऊन आत आलं होतं. तिनं तोंड त्या उन्हाकडं फिरवलं आणि जराशी थांबली. "हां. उगवत हिकडं. म्हंजी दार दक्षिणंला गेलं. एवढंच व्हय?"

आणि ती चालायला लागली. ती उन्हाच्या दिशेनं सरळ गेली, हात पुढं केला आणि खाटेवर बसली. मग उठली, पाठ उन्हाकडं केली, माठापाशी गेली, झाकण काढलं, पेला भरून पाणी प्याली. कट्ट्यावर हात फिरवला, शेगडी, काडेपेटी, चहाचा डबा. एकदाही अडखळली नाही. खेड्यात जन्म काढलेली बाई ती. तिच्या डोक्यात डावं-उजवं कधी नव्हतंच. बैल उगवतीला वळवायचे, पाणी मावळतीच्या वाफ्यात सोडायचं, असंच तिचं सगळं आयुष्य मांडलेलं. गार्डसाहेबांचंही तसंच. शाळा शिकून चूक माझ्याच डोक्यात शिरली होती.

मला रडू आलं. रागही होताच, त्याचं काय करावं ते कळेना. माय परत खाटेवर येऊन बसली आणि म्हणाली, "आता बाहीर येते."

ती उठली आणि सवयीनं उत्तरेला वळली, जुन्या खोलीत दार होतं तिकडं. हात भिंतीला लागला. तिनं भिंत चाचपली, पुन्हा चाचपली. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा उतरला. मी धावणार, तेवढ्यात दारात उभे असलेले गार्डसाहेब बोलले.

"आक्का, मागं फिरा. उशाला हात घाला."

तिनं खाटेच्या उशाला हात घातला. तिथं दोरी बांधलेली होती, रागाच्या भरात मला ती दिसलीच नव्हती. चांगली जाड, तिच्या कमरेच्या उंचीवर ताणलेली, खाटेपासून थेट दाराच्या चौकटीपर्यंत.

"समदं जाग्यावर आणलं," ते खाली बघत म्हणाले. "मिस्त्रीला इचारलं बी. दार तेवढं हलत न्हाई म्हणला."

मायनं दोरीला आधी जोरात हिसका दिला. बैलाचा कासरा बघावा तशी बघितली. मग एका हातात ती धरून, सावकाश, ताठ मानेनं दाराकडं आली. दोरी संपली तिथं तिचा पुढं केलेला हात एका सदऱ्याला लागला.

"हे कोण?"

"म्या हाय. घरमालक."

"मंग सरका की बाजूला," माय म्हणाली. "वाट माझी हाय."

आणि ते सरकले.